फिनलंडची पानगळ: सप्टेंबर बाहेर घालवा, नोव्हेंबरची तयारी त्याआधी करा

फिनलंडमधली पानगळ म्हणजे एक ऋतू नाही, दोन आहेत. पहिला साधारण सप्टेंबरभर आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो. तो सोनेरी, कोरडा-ओला, फळाफुलांचा आणि जंगलाचा असतो. दुसरा ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो. तेव्हा पानं गेलेली असतात, बर्फ आलेला नसतो आणि दुपारी चारनंतर बाहेर काळोख असतो. भारतातून नव्याने आलेली माणसं बहुतेक वेळा सप्टेंबर घर लावण्यात, कागदपत्रांत आणि कामात घालवतात, आणि थोडी उसंत मिळते तेव्हा नेमका दुसरा ऋतू दाराशी येऊन उभा असतो. मग वाटतं, या देशात राहायचं तरी कसं? माझं सांगणं इतकंच की पहिल्या भागात जमेल तितकं बाहेर पडा आणि दुसऱ्या भागाची सगळी सोय पहिला भाग संपायच्या आत करून ठेवा. हे कसं करायचं ते खाली क्रमाने लिहिलं आहे. मी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोत राहते, त्यामुळे तारखा हेलसिंकी परिसराच्या आहेत. उत्तरेला असाल तर सगळं दोन-तीन आठवडे अलीकडे आणा.

पहिली पायरी: आपल्या मनातलं कॅलेंडर बदला

इथलं हवामान खातं पानगळीचा ऋतू तारखेने मोजत नाही. दिवसाचं सरासरी तापमान १० अंशांच्या खाली गेलं आणि तिथेच राहिलं की हा ऋतू सुरू झाला, शून्याखाली जाऊन राहिलं की हिवाळा. लॅपलंडमध्ये, म्हणजे देशाच्या अगदी उत्तरेला, हे ऑगस्टच्या शेवटीच घडतं, दक्षिणेत सप्टेंबरच्या उत्तरार्धात.

पण रोजच्या जगण्यात तापमानापेक्षा उजेड महत्त्वाचा. हेलसिंकीत १ सप्टेंबरला दिवस सुमारे १४ तासांचा असतो. ऑक्टोबरच्या शेवटी तो ९ तासांच्या आत येतो, नोव्हेंबरअखेर साडेसहा तासांच्या आत, आणि २१ डिसेंबरच्या आसपास जेमतेम ५ तास ४९ मिनिटांवर. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिवस रोज साधारण साडेपाच मिनिटांनी आखडतो, आठवड्याला अर्ध्या तासाहून जास्त. मुंबईत वर्षातला सगळ्यात छोटा दिवससुद्धा ११ तासांचा असतो, त्यामुळे हा वेग आपल्या शरीराला ठाऊकच नसतो. गेल्या मंगळवारी ऑफिसमधून येताना ऊन होतं आणि या मंगळवारी दिवे लागलेत, असं इथे खरोखर होतं.

त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे चारचे तीन वाजतात. एक तास जास्त झोप मिळते, पण सोमवारी संध्याकाळ एकदम तासभर आधी येते. घरी फोन करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: तोवर भारत आपल्या अडीच तास पुढे असतो, नंतर साडेतीन तास. इथले संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडे साडेआठऐवजी साडेनऊ. आईबाबा लवकर झोपणारे असतील तर फोनची वेळ आधीच बदलून घ्या.

दुसरी पायरी: कपडे, आणि त्यातही मुलांचे आधी

जाडजूड हिवाळी कोट घ्यायची घाई करू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तापमान पाच ते पंधराच्या मध्ये खालीवर होतं, वर वारा आणि भुरभुर पाऊस. तो एकच जाड कोट सकाळी पुरत नाही आणि दुपारी घामाघूम करतो. तीन थर ठेवा. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ बनियन आणि लेगिंग, वर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, आणि सगळ्यात वर पाणी-वारा अडवणारं जॅकेट. अंगालगत सुती कपडा मात्र नको. तो घाम धरून ठेवतो आणि चालणं थांबलं की अंग गार पडतं. मेरिनो महाग वाटतो, पण दोन जोड तीन-चार हिवाळे सहज काढतात.

आता मुलं. इथल्या पाळणाघरात, म्हणजे पाइवाकोतीत, मुलं जवळपास कुठल्याही हवामानात रोज बाहेर खेळतात. पाऊस पडतोय म्हणून आत बसवणं हा प्रकार नाही, आणि ‘आमच्या मुलाला सर्दी आहे, त्याला आत ठेवा’ ही विनंती सहसा मान्य होत नाही. म्हणून ऑगस्टमध्येच हे घेऊन ठेवा:

- कुरावातेत: चिखल-पावसासाठी रबरी जॅकेट आणि पट्ट्यांची पँट. पँटच्या खालच्या इलॅस्टिकच्या पट्ट्या बुटाच्या तळव्याखालून घ्यायच्या, नाहीतर पाणी बुटात उतरतं.
- रबरी बूट, पायाच्या मापापेक्षा थोडे मोठे, म्हणजे आत लोकरीचा मोजा मावेल.
- आतून अस्तर असलेले रबरी हातमोजे, दोन जोड. एक जोड कायम वाळतच असतो.
- अंगभर एकसंध अस्तराचा वालीकाउसी सूट, शून्य ते दहा अंशांसाठी.

प्रत्येक वस्तूवर, मोज्यांवरसुद्धा, नाव घाला. वीस मुलांची निळी रबरी पँट सारखीच दिसते. आणि हे सगळं नवं घेऊ नका. मुलं वर्षभरात मापाबाहेर जातात, त्यामुळे किर्प्पिसवर, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानांत, उत्तम दर्जाचे कपडे अगदी स्वस्तात मिळतात. तिथे ऑगस्टच्या मध्यात जा. सप्टेंबर उजाडला की चालती मापं गेलेली असतात.

तिसरी पायरी: रुस्का बघायला वेळेवर निघा

झाडांच्या रंग बदलण्याला इथे रुस्का म्हणतात, आणि बातम्यांमध्ये त्याची रोजची खबर असते. दिवस आखडला आणि रात्री गार झाल्या की झाडं पानांतलं हिरवं द्रव्य मोडून त्यातला नायट्रोजन खोडात आणि मुळांत परत ओढून घेतात. हिरवा उतरला की आधीपासून आत असलेला पिवळा दिसू लागतो, म्हणून बर्चचं झाड पिवळं धमक होतं. लाल रंग मात्र पान नव्याने तयार करतं, आणि त्यासाठी स्वच्छ ऊन असलेले दिवस आणि गार रात्री लागतात. म्हणून सलग ढगाळ सप्टेंबरमध्ये लाल रंग फिका राहतो.

लॅपलंडमध्ये रुस्का साधारण १० ते २० सप्टेंबरच्या आसपास ऐन भरात असतो. तिथली खरी गंमत झाडांवर नसून जमिनीवर आहे. झाडांच्या रेषेच्या वर गेलं की बुटका बर्च आणि रिएकोनमार्या नावाच्या जमिनीलगतच्या झुडपाची पानं अख्खा डोंगरमाथा लाल करून टाकतात. डोकं वर करून नाही, खाली बघत चालायचं. यल्लास, पल्लास, सारीसेल्का, किल्पिसयार्वी ही त्यासाठीची नावं, आणि चालायची सवय असेल तर औलांका राष्ट्रीय उद्यानातली ८२ किलोमीटरची कारहुनकिएरोस वाट. एवढी चालायची नसेल तर तिचा काही भाग एका दिवसातही करता येतो. तोवर डासही संपलेले असतात, आणि जुलैत लॅपलंडला गेलेल्यांना याची किंमत कळेल.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, कारण तिने खूप कुटुंबांचा हिरमोड होतो. राजधानी परिसरातल्या शाळांची शरद सुट्टी ४२ व्या आठवड्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यात येते. त्या सुट्टीत लॅपलंडचा रुस्का बघायला जाऊ नका. तोवर तिथली झाडं बोडकी झालेली असतात आणि बर्फही पडून गेलेला असतो. लॅपलंडला जायचं तर सप्टेंबरमधलाच एक लांब शनिवार-रविवार काढावा लागतो. शाळेकडे एक-दोन दिवसांची रजा आधी लेखी मागितली तर बहुधा मिळते. हेलसिंकीहून रोव्हानिएमी किंवा कोलारीला जाणाऱ्या रात्रीच्या रेल्वेतल्या झोपायच्या खोल्या रुस्काच्या आठवड्यांसाठी फार आधी भरतात. उन्हाळ्यातच तिकीट काढा. यल्लास-पल्लाससाठी कोलारी सोयीचं, तिथून पुढे बस असते.

जाणं जमलं नाही तर हळहळायचं कारण नाही. हेलसिंकीत मेपलचा रंग सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो आणि त्याला ट्रामचं तिकीट पुरतं. सेउरासारी बेट, त्यॉलॉनलाहतीचा काठ, केस्कुसपुइस्तो, आणि लाकडी फळ्यांच्या वाटेवरून जायचं लाम्मासारी ही माझी आवडती ठिकाणं. लाम्मासारीला सकाळी लवकर जा. वेतासारखं उंच गवत पिवळं झालेलं असतं आणि दक्षिणेला निघालेले पक्षी थव्यांनी उतरलेले असतात. जंगलच हवं तर नुउक्सिओ राष्ट्रीय उद्यान एस्पोतच आहे, एस्पोच्या केंद्रातून बस जाते.

आकाश निरभ्र असलेल्या रात्री बाहेर डोकवायची सवयही आताच लावा. सप्टेंबरपासून रात्री पुन्हा खऱ्या अर्थाने काळोख्या होतात, आणि शरद संपाताच्या आसपासचे आठवडे उत्तरेच्या प्रकाशासाठी, म्हणजे अरोरासाठी, चांगले मानले जातात. उत्तरेला तर तळी अजून गोठलेली नसल्याने हिरवा प्रकाश पाण्यातही दिसतो.

चौथी पायरी: जंगलात टोपली घेऊन जा

या देशाने परक्या माणसाला दिलेली सगळ्यात मोठी देणगी म्हणजे योकाइसेनओइकेउदेत, सर्वांचा हक्क. जमीन कुणाच्याही मालकीची असो, त्या जंगलातून तुम्ही चालू शकता, एखादी रात्र तंबू टाकू शकता, रानफळं आणि मशरूम गोळा करू शकता. नागरिक असण्याची अट नाही, परवाना नाही, फी नाही. रानफळं विकून आलेल्या पैशावर करसुद्धा नाही. मर्यादा सोप्या आहेत. कुणाच्या घराच्या अंगणात, बागेत, पिकाच्या शेतात जायचं नाही, शेवाळ आणि पडलेली झाडं न्यायची नाहीत, आणि मालकाच्या परवानगीशिवाय चूल पेटवायची नाही. राष्ट्रीय उद्यानांत चुलीसाठी बांधलेल्या जागा असतात, पण जंगल-वणव्याचा इशारा लागू असेल तर उघड्या चुलीवर तिथेही बंदी.

*लिंगनबेरी.* सुरुवात हिच्यापासून करा. फिनिशमध्ये पुओलुक्का. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत पाइनच्या कोरड्या, उजेडाच्या जंगलात मिळते. बुटकं झुडूप, जाड चकचकीत हिरवी पानं आणि फांदीच्या टोकाला लाल फळांचा लहानसा घोस. लाल दिसलं की तोडलं असं मात्र करायचं नाही. किएलोची, म्हणजे लिली ऑफ द व्हॅलीची, नारिंगी-लाल फळं एका नाजूक देठावर ओळीने लोंबतात, तिची पानं रुंद असतात, आणि ती विषारी आहे. नासिआ नावाच्या झुडपाची लाल फळं काटकीलाच चिकटलेली असतात, तीही विषारी. जाड, बारीक, चकचकीत पान दिसलं तरच हात घाला. मुलांनाही आधी पान दाखवा, मग फळ.

चवीला ती करवंदाच्या जवळची, थोडी कडवट. तिच्यात मुळातच बेंझोइक आम्ल असतं म्हणून ती लवकर खराब होत नाही. नुसती ठेचून, साखर न घालताही थंड जागी महिनोन्‌महिने टिकते. आमच्या घरी तिचं लोणचं होतं: अर्धा किलो फळांना मीठ लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी मोहरीची डाळ, थोडी मेथीपूड, हिंग, तिखट आणि बराच गूळ घालायचा, वर गार झालेली फोडणी. आठवड्याने भाताबरोबर घ्या. आणि मुलांसाठी इथलाच विस्पिपुउरो: लिंगनबेरीच्या रसात साखर घालून रवा शिजवायचा, पूर्ण गार झाला की यंत्राने फेटायचा, म्हणजे तो गुलाबी आणि हलका होतो. वरून गार दूध घालून खातात. घरात रवा असतोच, त्यामुळे निमित्त शोधावं लागत नाही.

*मशरूम.* इथे मी हात आखडता घ्यायला सांगणार आहे, आणि त्यातही कोकणातून आलेल्यांना जास्त. पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणारी पांढरी अळंबी आपल्याकडे मोठ्या हौसेने काढतात. त्याच सवयीने इथल्या जंगलातल्या पांढऱ्या मशरूमकडे हात जातो. तो वाल्कोकार्पाससिएनी असू शकतो: पूर्ण पांढरा, देठावर कडं, आणि देठाचा तळ जमिनीतल्या पिशवीसारख्या आवरणात. तो जीवघेणा आहे. उलट्या-जुलाब सुरू व्हायला बराच वेळ लागतो, मध्ये बरं वाटल्याचा भास होतो आणि तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. त्यामुळे नियम साधा: पांढरा मशरूम जंगलातून घरी आणायचाच नाही, कितीही ओळखीचा वाटला तरी.

दुसरा धोका सुइप्पुमिर्क्क्यूसेइतिक्की. हा नारिंगी-तपकिरी असतो आणि शेवाळलेल्या स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडांच्या) जंगलात, खाण्याच्या मशरूमच्या शेजारीच उगवतो. त्याने मूत्रपिंडं निकामी होतात, आणि लक्षणं काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनीसुद्धा दिसतात.

मग गोळा काय करायचं? सुरुवातीला दोनच जाती शिका.

कांतारेल्ली: उन्हाळ्याच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, बर्चच्या आसपास. अंड्याच्या बलकाचा पिवळा रंग, आतला गर फिका आणि घट्ट, फळासारखा सुवास. छत्रीच्या खाली पातळ पाती नसतात, जाड बोथट घड्या असतात आणि त्या देठावर उतरत गेलेल्या असतात.

सुप्पिलोवाह्वेरो: सप्टेंबरच्या मध्यापासून ते जमीन गोठेपर्यंत. तपकिरी टोपी, पिवळसर-करडा देठ. हा दिसत नाही, दिसेपर्यंत. स्प्रूसच्या जंगलात शेवाळात गुडघे टेकून जमिनीच्या पातळीवरून बघा. एक सापडला की आजूबाजूला पन्नास असतात. प्रत्येक मशरूमचा देठ उभा चिरा. आत नळीसारखा पोकळ असला पाहिजे. टोपीखाली पुन्हा त्याच बोथट, फाटे फुटलेल्या घड्या दिसल्या पाहिजेत. देठ भरीव निघाला किंवा खाली सुट्या पातळ पाती दिसल्या तर तो टाकून द्या, कारण वर सांगितलेला विषारी भाईबंद असाच असतो. ही तपासणी सगळा ढीग एकदम ओतून नव्हे, एकेक मशरूम हातात घेऊन करायची.

फोनवर फोटो काढून नाव सांगणाऱ्या ॲपवर जेवणाचा निर्णय सोडू नका. पहिल्यांदा जाणत्या माणसाबरोबर जा. शेजारी, सहकारी विचारलं तर आनंदाने नेतात, फक्त आपली खास जागा सांगत नाहीत, आणि ती विचारूही नये. १८९९ पासून चालत आलेली मार्ता ही महिलांची संस्था मशरूम ओळखण्याचे वर्ग आणि सहली घेते, तिथे परदेशी माणसांचं स्वागत असतं. काही चुकीचं खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता विष माहिती केंद्राला फोन करा, क्रमांक ०८०० १४७ १११, चोवीस तास आणि मोफत. उरलेला मशरूम टाकू नका, ओळख पटवायला लागतो. प्रकृती बिघडली असेल तर थेट ११२, हा आपत्कालीन क्रमांक.

प्लॅस्टिकच्या पिशवीत मशरूमला घाम फुटतो आणि तो घरी येईपर्यंत खराब होतो, म्हणून टोपलीच न्या. माती जंगलातच ब्रशने झाडा, धुऊ नका. घरी कोरड्या कढईत टाका, पाणी सुटेल, ते पूर्ण आटू द्या, मग लोणी, कांदा, मीठ, मिरी. पहिल्यांदा गरम मसाला घालू नका, त्याची स्वतःची चव आधी कळू द्या. उरलेले सुप्पिलोवाह्वेरो सुमारे ४० अंशांवर कडक वाळवून बरणीत भरा. फेब्रुवारीत मूठभर पुलावात टाकले की घरभर जंगलाचा वास येतो. दुसऱ्या काही जाती उकळून पाणी फेकल्याशिवाय खाताच येत नाहीत. त्यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये.

जंगलात जाताना फोन पूर्ण चार्ज, कपाळावर बांधायचा दिवा, आणि ‘११२ सुओमी’ ॲप. त्यातून फोन केला की तुमचं ठिकाण मदत केंद्राला कळतं. मान खाली घालून गोळा करताना दिशा हमखास हरवते, म्हणून निघताना रस्ता कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी परत फिरा. शिकारीचा हंगामही याच दिवसांत असतो, तेव्हा नारिंगी टोपी किंवा बनियन घाला. गोचीड तापमान ५ अंशांच्या खाली जाईपर्यंत चावतात, घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागे, मुलांच्या कानामागे बघा. हिर्विकार्पानेन नावाची चपटी माशी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केसांत घुसते, पंख गाळते आणि रांगत राहते. किळस येते, पण ती बहुतेकांना अपाय करत नाही. फिक्या, गुळगुळीत कपड्यांवर ती लगेच दिसते.

जंगल नको असेल तर सफरचंदं तरी सोडू नका. सप्टेंबरमध्ये बंगल्यांच्या फाटकाबाहेर खोक्यांत सफरचंदं ठेवलेली असतात, ‘घेऊन जा’ अशी चिठ्ठी असते. ती खरंच घ्यायची असतात. आंबट सफरचंदाचा साखरांबा वेलदोडा-केशर घालून फार छान होतो, आणि त्याची एक बाटली त्या घरी नेऊन दिली तर पुढच्या वर्षीपासून तुम्ही ओळखीचे होता.

पाचवी पायरी: घर

यात फार काही नाही. रेडिएटर बाहेरच्या थंडीप्रमाणे आपोआप सुरू होतात. त्यांच्यावर पडदे सोडू नका आणि सोफा टेकवू नका, उष्णता तिथेच अडकते. खिडकीजवळच्या ताज्या हवेच्या झडपा गार वारा येतो म्हणून चिंध्या कोंबून बंद करू नका, भिंतींना ओल धरते. कपडे घरात वाळवण्यापेक्षा इमारतीची वाळवण्याची खोली वापरा. इमारतीची सामाईक सॉना असेल तर आठवड्याची ठरावीक वेळ आताच मागून घ्या. नोव्हेंबरमध्ये सगळ्यांनाच ती हवी असते.

सहावी पायरी: काळोख

दिवाळी होऊन जाते, पानं गेलेली असतात, आणि पुढे सहा-सात आठवडे करडे. बर्फ पडला की उजेड परावर्तित होतो आणि बरं वाटतं, पण दक्षिणेत तो कधीकधी डिसेंबर येईपर्यंत टिकतच नाही. या काळात झोप वाढते, गोड खावंसं वाटतं, मन मंदावतं. हे फिनिश लोकांनाही होतं आणि ते त्याबद्दल मोकळेपणी बोलतात.

उजेडाचा सगळ्यात चांगला उपाय फुकट आहे: दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चाला. ढगाळ दुपारीही बाहेरचा उजेड ऑफिसमधल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. संध्याकाळी काम संपल्यावर जाऊ म्हटलं तर उजेड उरलेलाच नसतो. जोडीला १०,००० लक्सचा दिवा घ्या. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर, डोळ्यांसमोर पण थोडा तिरका ठेवून साधारण अर्धा तास. संध्याकाळी लावू नका, झोप उडते. डोळ्यांचा विकार असेल किंवा मनाच्या आजारावर औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, कामावर जाणं जड झालं, तर दिव्यावर भागवू नका. कामाच्या ठिकाणची आरोग्यसेवा यासाठीच असते.

ड जीवनसत्त्व आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं. ऑक्टोबर ते मार्च इथला सूर्य इतका खाली असतो की कुणाच्याच त्वचेत ते पुरेसं तयार होत नाही, आणि सावळ्या त्वचेला एरवीही जास्त ऊन लागतं. मासे आणि ड जीवनसत्त्व घातलेलं दूध रोज पोटात जात नसेल तर प्रौढांनी या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावं असा इथला सल्ला आहे. लहान मुलांचं प्रमाण नेउवोलात, म्हणजे बालआरोग्य केंद्रात विचारा. त्याच वेळी फ्लूच्या लशीचंही विचारून घ्या.

आणि हेइयास्तिन, म्हणजे अंगावर लावायचा परावर्तक. काळ्या कोटातला माणूस मोटारीच्या मंद (लो बीम) दिव्यांत सुमारे ५० मीटरवर आल्यावर दिसतो, परावर्तक लावलेला सुमारे १५० मीटरवरून. ८० च्या वेगाने येणाऱ्या गाडीला ५० मीटर थांबायला पुरत नाहीत. काळोखात चालताना तो लावणं कायद्यात आहे. कोटाच्या खिशातून दोरीने गुडघ्याच्या उंचीवर लोंबू द्या, कारण गाडीचे दिवे तिथेच पडतात. दुसरा हातावर बांधा. दप्तराला एकच लटकवून भागत नाही, समोरून दिसत नाही. भारतातून आईवडील भेटायला येणार असतील तर विमानतळावर कोट देतानाच त्याला परावर्तक लावलेला असू द्या.

सातवी पायरी: सण

ऑक्टोबरमधल्या कोजागरीला आकाश मोकळं असेल तर मसाला दूध थर्मासमध्ये घेऊन तळ्याकाठी जा. लोकरी टोपी घालून तासभर बसवतं. फिनिश शेजाऱ्यांना बोलवा, वेलची त्यांना नवी नाही. त्यांच्या पुल्लात, गोड पावात, ती असतेच.

दिवाळीचं एक पक्कं लक्षात ठेवा: परवानगीशिवाय फटाके इथे फक्त ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी सहापासून रात्री दोनपर्यंत उडवता येतात. दिवाळीला फुलबाज्यांवर समाधान मानायचं, त्याही मोकळ्या जागी. जिन्यात पणत्या किंवा चपला-कुंड्या ठेवू नका, तो आग लागल्यावर बाहेर पडायचा मार्ग असतो. आकाशकंदील मात्र खिडकीत लावा आणि तुळशीच्या लग्नानंतरही काढू नका. इथे सगळेच काळोखाच्या महिन्यांत खिडकीत दिवा ठेवतात. भाजणीसाठी डाळी-तांदूळ हेलसिंकीतल्या हाकानिएमीच्या आसपासच्या आशियाई दुकानांत मिळतात.

३१ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबरच्या मध्ये येणाऱ्या शनिवारी प्युहाइन्पाइवा असतो. त्या संध्याकाळी लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. हेलसिंकीच्या हिएतानिएमी दफनभूमीत हजारो ज्योती एकदम दिसतात. परक्यांनी जायला हरकत नाही, आवाज खाली ठेवावा आणि माणसांचे फोटो काढू नयेत. ज्यांची माणसं दुसरीकडे पुरलेली आहेत त्यांच्यासाठी तिथे एक सामाईक जागा असते. वर्षभरात घरचं कुणी गेलं असेल आणि अंत्यदर्शनाला पोहोचता आलं नसेल, तर तिथे एक मेणबत्ती लावता येते. कुणीही काही विचारत नाही.

आठवी पायरी: पहिला बर्फ नाही, पहिला गारठा

पहिली घसरण बर्फावर होत नाही. ती ओल्या रस्त्यावर रात्री शून्याखाली गेल्यावर होते, आणि तो काळा थर डोळ्यांना दिसत नाही. हवामान खातं पादचाऱ्यांसाठी वेगळा घसरणीचा इशारा देतं, तो सकाळी निघण्याआधी बघा. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे ऑक्टोबरमध्येच घेऊन दाराजवळ ठेवा. दुकानात शिरताना ते काढा, फरशीवर ते उलटे घसरतात. गाडी असेल तर नोव्हेंबर ते मार्च हवामान आणि रस्ता तसा असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे आहेत. टायर बदलण्याची वेळ सप्टेंबरच्या शेवटी ठरवा, कारण पहिल्या गारठ्याच्या दिवशी सगळ्या गॅरेजचे फोन व्यस्त लागतात. संध्याकाळी जंगलातल्या रस्त्यावर वेग कमी ठेवा. हिर्वी, म्हणजे मूस, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये संधिप्रकाशात रस्ता ओलांडतात, आणि एक गेला की मागून पिल्लू येतं. पहिला गेल्यावर लगेच गाडी पळवू नका, थोडं थांबा.